पैसा कुणाचा, मुदत कधीपर्यंत: पोस्टडॉकच्या जागा शोधताना

पीएचडीचा प्रबंध जमा केला आणि लगेचच मी युरोपातल्या विद्यापीठांच्या पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधन-नोकऱ्यांच्या, जाहिराती वाचायला बसले. माझा विषय मातीतले सूक्ष्मजीव. जमिनीतला सेंद्रिय कर्ब किती काळ टिकतो, जीवाणू आणि बुरशी त्याचं काय करतात, हे मी मोजते. या विषयात जागा निघतात, पण मृदाशास्त्राच्या नावाखाली क्वचितच. कधी भूगोल विभागात निघतात, कधी पर्यावरण अभियांत्रिकीत, कधी हवामानबदलावर काम करणाऱ्या एखाद्या केंद्रात. विषयाचं नाव टाकून शोधलं की हाती फारसं काही लागत नाही. त्यामुळे मी पद्धतींची नावं टाकून शोधायचे: मातीचं श्वसन (म्हणजे मातीतल्या जीवांमुळे तिच्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड), स्थिर समस्थानिकं, डीएनए सिक्वेन्सिंग. असं शोधलं की जाहिराती दिसतात, आणि कुठल्या विभागात कोण आपल्या जवळचं काम करतंय हेही कळत जातं.

शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. युरोपियन आयोगाचं युरॅक्सेस, ब्रिटनसाठी जॉब्स डॉट एसी डॉट यूके, नेदरलंड्ससाठी अकॅडेमिक ट्रान्सफर, नॉर्वेसाठी जॉबनॉर्गे. एवढं रोज चाळलं तरी पुरतं. खरा वेळ लागतो तो जाहिरात नीट वाचायला, आणि माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

विद्यापीठातली संशोधनाची जागा पुष्कळदा विद्यापीठाची नसतेच, ती कुणाच्या तरी प्रकल्पाची असते. म्हणून मी प्रत्येक जाहिरातीत आधी एकच गोष्ट शोधायचे: पैसा कुणाचा आहे. एखाद्या प्राध्यापकाला युरोपियन रिसर्च कौन्सिलचं स्टार्टिंग ग्रँट मिळालं, तर पाच वर्षांसाठी साधारण १५ लाख युरोपर्यंत रक्कम मिळते. त्यातून पीएचडीचे विद्यार्थी आणि एक-दोन पोस्टडॉक घेतले जातात. जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'दोन वर्षांसाठी, मुदतवाढीची शक्यता'. ही शक्यता खरी आहे की नुसती छापलेली, ते प्रकल्पाच्या तारखांवरून कळतं. युरोपियन निधीतल्या प्रकल्पांची माहिती कॉर्डिस नावाच्या डेटाबेसमध्ये सगळ्यांना पाहता येते: प्रकल्प कधी सुरू झाला, कधी संपणार, रक्कम किती, उद्दिष्टं काय. मी जाहिरातीतलं प्रकल्पाचं नाव तिथे टाकून पाहायचे. एका जागेचा प्रकल्प संपायला जेमतेम अडीच वर्षं उरली होती, म्हणजे दोन वर्षांनंतरची मुदतवाढ फार तर सहा महिन्यांची. दुसरा प्रकल्प नुकता सुरू झाला होता, पहिली माणसं अजून रुजू व्हायची होती, म्हणजे प्रयोगांची आखणी करण्यातही आपला हात लागणार होता. दोन्ही जाहिरातींचा मजकूर मात्र जवळजवळ सारखा होता.

कॉर्डिसवरचा सारांश आणखी एका कामाला येतो. जाहिरात बहुतेकदा घाईत लिहिलेली असते, त्यातली बरीच वाक्यं विद्यापीठाच्या ठरावीक साच्यातली असतात. सारांश मात्र त्या प्राध्यापकाने पुन्हा पुन्हा घासूनपुसून लिहिलेला असतो. त्यांना नेमकं काय शोधायचंय ते तिथे सापडतं. अर्जाचं पत्र लिहिताना मी जाहिरातीपेक्षा तो सारांशच समोर ठेवायचे.

जर्मनीतल्या जागांसाठी आणखी एक हिशेब मांडावा लागतो. तिथल्या विद्यापीठांतल्या मुदतीच्या संशोधन-नोकऱ्यांवर २००७ सालच्या कायद्याने मर्यादा घातली आहे: पीएचडीआधी सहा वर्षं आणि पीएचडीनंतर सहा, वैद्यकशास्त्रात नंतरची नऊ. मुलं लहान असतील तर मुदत वाढते. बाहेरच्या निधीवर चालणाऱ्या प्रकल्पात ही मर्यादा संपल्यावरही करार होऊ शकतो, पण मग माणूस एका प्रकल्पातून दुसऱ्यात असा फिरतच राहतो. २०२१ मध्ये तिथल्या हजारो संशोधकांनी 'इष बिन हाना' या हॅशटॅगखाली आपापले कराराचे अनुभव मांडले होते. मी ते बरेच वाचले. पन्नाशीला आलेली, उत्तम काम केलेली माणसं पुढच्या करारासाठी ताटकळताना दिसली, आणि तेव्हापासून कुठलाही करार हाती घेताना तो आपली किती वर्षं खाणार हे मी आधी पाहते. अर्ज करताना उमेदवाराने हे विचारणं उद्धटपणाचं आहे असं काही जणांना वाटतं. मला ते मुळीच पटत नाही. तीस-बत्तीस वर्षांच्या माणसाच्या आयुष्याची आखणी त्या तारखांवर अवलंबून असते.

दुसरा रस्ता स्वतःचा पैसा स्वतः आणण्याचा. युरोपियन आयोगाच्या मारी क्युरी पोस्टडॉक शिष्यवृत्तीसाठी मी अर्ज केला तेव्हा अट अशी होती की पीएचडी होऊन आठ वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा आणि ज्या देशात जायचं तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. मूळ प्रस्ताव दहा पानांचा. त्यात निम्मे गुण कल्पनेच्या आणि पद्धतीच्या दर्जाला, ३० टक्के परिणामाला, २० टक्के अंमलबजावणीला. हा प्रस्ताव लिहिण्यात उन्हाळा गेला आणि शिष्यवृत्ती मिळाली नाही. तरी ज्या प्राध्यापकांबरोबर तो लिहिला, त्यांच्याशी झालेल्या चर्चेतून माझ्या पुढच्या कामाची दिशा ठरली. परीक्षकांचा लेखी अभिप्राय आला, गुणांसकट, आणि त्यातली एक टिप्पणी इतकी अचूक होती की पुढच्या प्रत्येक संशोधन-आराखड्यात मी ती ध्यानात ठेवली: खोल थरातल्या मातीत नेमकं काय बदलेल असं तुम्हाला वाटतं, ते गृहीतक म्हणून मांडा, नुसतं 'तपासू' म्हणू नका.

अर्जाच्या कागदांविषयी. ब्रिटनमधल्या जागांना जाहिरातीबरोबर एक तक्ता येतो: अत्यावश्यक काय, आणि असल्यास उत्तम काय. निवड समिती अर्ज त्या तक्त्याशी ताडून पाहते. म्हणून तिथलं पत्र मी तक्त्याच्या क्रमानेच लिहायचे, प्रत्येक मुद्द्याला एक पुरावा. 'सांख्यिकीचं चांगलं ज्ञान आहे' असं लिहून काही साधत नाही. 'तीन हंगामांच्या नमुन्यांचं विश्लेषण मिक्स्ड मॉडेलने केलं, आर मधला कोड झेनोडोवर सगळ्यांसाठी खुला आहे' असं लिहिलं (आर ही सांख्यिकीची संगणकभाषा, झेनोडो हे संशोधनाचं खुलं ऑनलाइन भांडार) की वाचणाऱ्याला हवं तर तो उघडून पाहता येतो. अशी ठोस वाक्यं जमवायला वेळ लागतो, पण एकदा जमली की ती पुढच्या अर्जांत कामाला येतात.

प्रकाशनांच्या यादीबद्दल मला मनापासून काही सांगायचंय. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये एच-इंडेक्स सुचवला: निबंध किती आणि त्यांचे संदर्भ इतरांनी किती वेळा दिले, हे मिळून एकच आकडा. नुकती पीएचडी झालेल्या माणसाच्या बाबतीत हा आकडा बहुतेक वेळा त्याची प्रयोगशाळा किती मोठी आणि किती जुनी आहे तेच सांगतो. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या निबंधांचे सरासरी किती संदर्भ दिले जातात त्या आकड्यावरून, माणसाचं काम जोखू नये, असं २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात, म्हणजे डोरामध्ये, स्पष्ट म्हटलं आहे, आणि अनेक विद्यापीठांनी त्यावर सह्या केल्या आहेत. जाहिरातीत डोराचा उल्लेख दिसला की मी यादीच्या आधी एक पान जोडायचे. त्यात माझे तीन शोधनिबंध, प्रत्येकात प्रश्न काय होता, त्यातलं माझं काम कुठलं आणि पुढे त्याचा कुणाला उपयोग झाला. एका निबंधात माझं नाव चौथं आहे, पण मातीतून डीएनए काढण्यापासून त्याच्या विश्लेषणापर्यंतचं सगळं काम माझं. नुसत्या क्रमांकावरून हे कुणाला कळणार? लेखकांच्या कामाची वाटणी १४ भूमिकांत लिहिण्याची क्रेडिट नावाची पद्धत आता बरीच नियतकालिकं वापरतात, तीच मी त्या पानावर वापरली. एका मुलाखतीत समितीने हेच पान समोर ठेवून प्रश्न विचारले.

शिफारसपत्रांसाठी मी माझ्या गाइडकडे गेले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मी काय लिहावं ते नको सांगूस. तू काय काय केलंस ते लिहून दे, तारखांसकट. मी विसरलेय असं समज." मी दोन पानं लिहून दिली. पहिल्या वर्षी उपकरण बंद पडलं तेव्हा जुन्या पद्धतीने, अल्कलीत कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊन, टायट्रेशनने मोजमाप कसं चालू ठेवलं, हेही त्यात होतं. मॅडमनी पत्रात नेमकं तेच घेतलं असणार, कारण दोन वेगवेगळ्या मुलाखतींत मला त्याबद्दल विचारलं गेलं. हुशार, कष्टाळू, मनमिळाऊ अशी विशेषणं सगळ्यांच्याच पत्रात असतात. एखादा घडलेला प्रसंग मात्र ज्याचा त्याचा असतो.

काही प्राध्यापकांना मी जाहिरात नसतानाही लिहिलं. अशा पत्राला उत्तर यावं असं वाटत असेल तर ते लहान हवं आणि त्यांच्याच कामातल्या एखाद्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवं. 'तुमच्या निबंधातल्या दुसऱ्या आकृतीत तीस सेंटिमीटरखालच्या थरात श्वसन वाढलेलं दिसतं, ते मुळांमुळे की ओलाव्यामुळे?' असं विचारलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर आलं होतं. जागा नव्हती, पण पुढच्या वर्षी निधीसाठी अर्ज करणार असल्याचं त्यांनी कळवलं.

आता मुलाखतीविषयी, कारण माझ्या मते कस लागतो तो तिथे. ज्या जागेवर अखेर माझी नेमणूक झाली, तिची मुलाखत ऑनलाइन होती. वीस मिनिटं माझं सादरीकरण, मग प्रश्न. माझ्या तिसऱ्या स्लाइडवर आलेख होता: नांगरलेल्या आणि न नांगरलेल्या जमिनीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, प्रत्येकी चार बरण्यांची सरासरी आणि वर-खाली एरर बार, म्हणजे बरण्यांमधली तफावत दाखवणाऱ्या रेघा. समितीतल्या एक ज्येष्ठ बाई तोवर गप्प होत्या. त्यांनी विचारलं, "या चार बरण्या एकाच खड्ड्यातल्या मातीच्या आहेत, की चार वेगवेगळ्या वाफ्यांतल्या?"

बाहेरच्या माणसाला हा किरकोळ प्रश्न वाटेल, पण आमच्या विषयात सगळं यावर उभं असतं. एकाच वाफ्यातली माती चार बरण्यांत वाटली तर त्या बरण्यांमधला फरक फक्त मोजमापातली चूक दाखवतो. नांगरणीचा परिणाम खरा आहे की तो वाफाच वेगळा होता, हे त्यावरून ठरत नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या दोषावर सविस्तर लिहिलं आणि त्याला स्यूडोरेप्लिकेशन हे नाव दिलं. तेव्हापासून चांगला परीक्षक हे विचारल्याशिवाय राहत नाही. मी शेवटी जोडून ठेवलेली प्रयोगाच्या आराखड्याची स्लाइड काढली. चार गट, प्रत्येक गटात दोन्ही प्रकारचे वाफे, कुठला वाफा नांगरायचा ते यादृच्छिक पद्धतीने ठरवलेलं, आणि प्रत्येक बरणीत वेगळ्या वाफ्यातली माती. बाईंनी मान डोलावली आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला: माती चाळल्यावर श्वसन एकदम उसळतं, त्याचं काय केलंत? मी सांगितलं की चाळलेली माती ठरलेल्या ओलाव्यावर आठवडाभर स्थिरावू दिली आणि मगच प्रयोगाचे आकडे धरायला सुरुवात केली. त्यावर तिसऱ्या एका सदस्याचं म्हणणं पडलं की आठवडा पुरेसा नाही. दोघांमध्येच दोन-तीन मिनिटं वाद झाला. मग मी चाळल्यानंतरच्या पहिल्या दहा दिवसांचं रोजचं मोजमाप दाखवलं, सहाव्या दिवसानंतर रेघ सपाट झालेली होती.

त्या अर्ध्या तासात मला पहिल्यांदा असं वाटलं की ही माणसं माझी परीक्षा घेत नाहीत, माझ्याबरोबर काम करून बघताहेत. अशा ठिकाणी जावंसं वाटतं. उलट एका दुसऱ्या मुलाखतीत सगळे प्रश्न 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता' याच वळणाचे होते. मातीचा विषय निघालाच नाही. तिथून निरोप आला असता तरी मी दहादा विचार केला असता.

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं म्हणतात, तेव्हा मी दोन गोष्टी विचारायचे. आधीचे पोस्टडॉक आता कुठे आहेत? आणि गटातल्या विद्यार्थ्यांशी, प्राध्यापक नसताना, बोलता येईल का? दुसऱ्या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरावरून मी बरंच काही ठरवलं. नेमणूक झाली तिथे प्राध्यापकांनी मुलाखत संपताच विद्यार्थ्यांची ओळख करून दिली आणि स्वतः बैठकीतून बाहेर पडल्या. त्यातल्या एकीने सांगितलं, "मॅडम मसुदा परत द्यायला वेळ लावतात, पण दिला की प्रत्येक ओळीवर काम केलेलं असतं." एवढं मोकळेपणाने बोलता येत असेल तर त्या गटात भीती नाही, एवढं मला पुरे होतं.

एका विद्यापीठाने मला मुलाखतीला बोलावलं, सादरीकरण घेतलं, तासभर प्रश्न विचारले, आणि नंतर एका ओळीचंही उत्तर दिलं नाही. मी दोनदा विचारून पाहिलं. अखेर त्या गटाच्या संकेतस्थळावर नव्या सहकाऱ्याचा फोटो दिसला तेव्हा कळलं. नकाराचं मला फार वाटलं नाही, जागा एक आणि लायक माणसं पुष्कळ असतात. पण अनुत्तरित ठेवणं अन्याय आहे असं मी ठामपणे म्हणते. उमेदवार त्या काळात दुसऱ्या जागा नाकारतो, घर बदलायचं थांबवतो, घरच्यांना थांबवून ठेवतो. स्वीडनमध्ये याच्या अगदी उलट अनुभव आला. तिथली बहुतेक विद्यापीठं सरकारी आहेत आणि सरकारी कागद लोकांना पाहता यावेत हा नियम तिथे १७६६ पासून कायद्यात आहे. अर्ज हासुद्धा सार्वजनिक कागद. नेमणूक जाहीर होते आणि ती मान्य नसेल तर तीन आठवड्यांत अपील करता येतं. मी कागद मागवले, ते आले. निवडलेल्या माणसाकडे समस्थानिकांच्या कामाचा माझ्याहून मोठा अनुभव होता, निवड रास्त होती, आणि मला पुढे काय शिकायला हवं तेही त्यातून कळलं.

नेमणूक जर्मनीत झाली. तिथला पगार टीव्ही-एल या राज्यांच्या सरकारी नोकऱ्यांच्या वेतनकरारातल्या १३ व्या श्रेणीत, आणि श्रेणीच्या आत अनुभवानुसार पायऱ्या असतात. पायरी कुठली धरणार हे सही करण्याआधी विचारायचं असतं, आणि आधीच्या कामाची कागदपत्रंही तेव्हाच द्यायची असतात. पीएचडीच्या काळात नोकरीचा करार होता की शिष्यवृत्ती, यावर बरंच अवलंबून राहतं. माझा काही काळ प्रकल्प-सहायक म्हणून पगारी होता. त्याचं पत्र, कामाचं वर्णन आणि भाषांतराची अधिकृत प्रत मी पाठवली, तेवढा काळ धरला गेला. शिष्यवृत्तीचा काळ धरला नाही. शिवाय पीएचडीचे राहिलेले दोन निबंध पूर्ण करायला आठवड्यातला एक दिवस मिळावा, असं मी प्राध्यापकांना लिहून विचारलं आणि त्यांनी लिहूनच हो म्हटलं. कराराच्या मजकुरात ते येत नाही, पण ईमेल जपून ठेवलेली आहे आणि तो दिवस मला मिळतो.

गेल्या महिन्यात आमच्या गटात नवीन जागा निघाली आणि जाहिरातीचा कच्चा मसुदा माझ्याकडे आला. प्रकल्पाचं पूर्ण नाव, तो संपण्याची तारीख आणि पगाराची श्रेणी पहिल्याच परिच्छेदात घातली. 'मुदतवाढीची शक्यता' हे शब्द काढून 'निधी अमुक तारखेपर्यंत मंजूर आहे' असं लिहिलं. मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला निर्णय आणि त्याचं कारण लेखी कळवायचं, हे प्राध्यापकांनी मान्य केलं. ती पत्रं लिहायचं काम मी घेतलंय.